न फोडलेली पाकिटं

४ मार्च

वन्सं,

वर 'प्रिय' लिहिलेलं नाही, ते विसरून नव्हे. अहो-जाहोही मुद्दाम करतेय. आरोग्य खात्यात बसून कायद्यांचे मसुदे लिहिणाऱ्या बाईंशी आमच्यासारख्यांनी अदबीनंच बोलायला हवं. पत्र कचेरीच्या पत्त्यावर टाकतेय, कारण नव्या घराचा पत्ता तुम्ही कळवला नाहीत आणि फोन तर उचलायचाच नाही असं ठरवलेलं दिसतंय.

मागच्या महिन्यात तुमच्या दादाने फोन लावला तेव्हा मी शेजारीच एका पँटची शिवण उसवत बसले होते. तुमचं बोलणं मला स्पष्ट ऐकू आलं. "दादा, या विषयावर मी आता तुझ्याशी बोलू शकत नाही. दुसऱ्याही कुठल्या विषयावर नको." आणि फोन ठेवलात. हा माणूस आपला फोन कानाला लावून तसाच बसलेला. मग मला म्हणतो, लाइन गेली वाटतं. तुमची बाजू सावरून घ्यायची त्याची सवय अजून जात नाही.

म्हणून आता मी सांगते. ऐकायचं नाही ना, मग वाचा.

डेपोत जॅक सरकून बसचं चाक त्याच्या पायावर आलं, ते तुम्हाला माहीत आहे. हाड जुळलं, ताकदही आली. डेपोच्या डॉक्टरांनी पाय ठणठणीत आहे असं लिहून दिलं. पण दुखावलेली नस काही डॉक्टरांचं लिहिलेलं वाचत नाही. रात्री आडवा झाला की पोटरीपासून मांडीपर्यंत कळ निघायची. आधी ज्या गोळ्या दिल्या त्यांनी कळ थांबली नाही, माणूस तेवढा थांबला. दिवसभर डोळे तारवटलेले. दात घासता घासता बेसिनला टेकून डुलकी काढायचा. आणि गंमत ऐका, त्या गोळ्या खाऊन बस चालवायला तुम्ही लिहिलेल्या चालकांच्या नियमाची काडीचीही हरकत नव्हती.

मग वेदनांच्या डॉक्टरबाईंनी ते तेल लिहून दिलं. गांजाच्या झाडापासून काढलेलं, परवान्याच्या दुकानातलं, बाटलीवर शिक्का, आत किती काय आहे ते छापलेलं. रात्री जेवणानंतर जिभेखाली घ्यायचं. खरं सांगते, मलाही धाकधूक होती. पण पहिल्या आठवड्यातच तो असा झोपला, असा घोरला, की मी उशी उचलून बाहेरच्या खोलीत गेले आणि तिथे एकटीच हसत बसले. वर्षभराने आमच्या घरात कुणीतरी घोरत होतं. समोरच्या खिडकीतल्या काकूंना बाटली दिसली तेव्हापासून त्या माझ्या नवऱ्याला गांजेकस म्हणतात, ते सोडा.

आणि मग तुमच्या नियमातली ती चाचणी त्याच्या वाट्याला आली. तोंडात काडी फिरवायची, लाळ तपासायची. औषध रात्री घेतलं, सकाळी माणूस ताजातवाना उठला, तरी लाळेत अंश सापडतोच. 'अंशमात्र आढळल्यास' असं नियमात लिहिलंय. तो शब्द वाचला आणि मी ओळखलं, हे आपल्या वन्संचंच लिहिणं. दुसऱ्या कुणी 'थोडंसंही' म्हटलं असतं.

बस गेली. आता तो टायरच्या गोदामात बसतो. कुठला टायर आला, कुठला गेला, बघायचं. घरी आला की खुर्ची घेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीशी. खालून बस वळते ना, ते बघत बसतो. वळणावर गाडी आली की त्याचा उजवा पाय फरशीवर दाबला जातो. ब्रेक मारतो हो तो, चपला घालून, आमच्या स्वयंपाकघरात. आणि पुटपुटतो, उशीर केला याने, आतली माणसं पुढे झुकली असतील. मी पाठमोरी उभी राहते, भाजी चिरतेय असं दाखवते.

त्याच खिडकीशी टेबल होतं ते आठवतं? मी या घरात आले तेव्हा तुमच्या दोन वेण्या होत्या. त्याच टेबलावर पुढे कायद्याची जाडजूड पुस्तकं मांडून तुम्ही कलमं मोठ्याने म्हणायचात आणि मी मशीनवर गणवेशांच्या दुमडी घालायचे. अर्धी कलमं मलाच पाठ झाली होती. गिऱ्हाइकांना सांगत सुटायचे, आमच्या वन्सं कायदे लिहिणार आहेत. आजही सांगते. काय करू, अभिमान वाटायचा तो वाटतोच. पण मापं न घेता कपडा बेतला तर मी तो गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवत नाही. तुम्ही चढवलात, तेही आपल्याच माणसाच्या.

उत्तर द्या. नुसतं 'मिळालं' एवढं लिहिलंत तरी चालेल.

तुमची वहिनी


२१ मार्च

वन्सं,

उत्तर नाही. बरं.

तरी लिहितेय, कारण जे झालं ते कुणापाशी तरी बोलल्याशिवाय मला राहवणार नाही, आणि घरचं माणूस म्हणून तुमच्याशिवाय कुणी नाही.

तुमच्या दादाने औषध सोडलं. मला न सांगता. बाटली रात्री उघडायचा, झाकण लावायचा, मला वाटायचं घेतलं. बाटली काही रिकामी होईना तेव्हा माझ्या लक्षात आलं. विचारलं तर म्हणाला, लाळ साफ आली की बस परत मिळेल, मग बघू. मी भांडले. पण लाळ साफ आली, बस मिळाली, आणि त्या सकाळी इस्त्रीचा गणवेश घालून शीळ वाजवत जिना उतरला, तेव्हा माझं भांडण कुठल्या कुठे गेलं. मीच मागून डबा घेऊन धावले.

रात्री मात्र तो झोपत नव्हता. पाय चोळत बसायचा. सकाळी थंड पाण्याने तोंड धुऊन जायचा. मला म्हणायचा, सवय होईल.

परवा मोठ्या रुग्णालयासमोरच्या सिग्नलला त्याचा डोळा लागला. बस भरलेली. दिवा हिरवा झाला, मागच्या गाड्या भोंगे वाजवायला लागल्या, बस हलेना. कंडक्टरबाई गर्दीतून वाट काढत पुढे आल्या तर हनुवटी छातीवर. पाय ब्रेकवर होता म्हणून निभावलं. त्यांनी तिकिटाच्या यंत्राने खांद्यावर टकटक केलं. त्याने गाडी पुढच्या थांब्यापर्यंत नेली, बाजूला लावली आणि पोट बिघडलंय म्हणून डेपोकडून दुसरा ड्रायव्हर मागवला. कंडक्टरबाई कुणाला बोलणार नाहीत. त्याच दिवशी त्याने स्वतः गोदामाची बदली मागून घेतली.

मला हे त्याने दाराशी बसून सांगितलं. पायात बूट तसेच. म्हणाला, दिवा लाल असताना लागला डोळा, चालत्या गाडीत लागला असता तर? इतक्या वर्षांत त्याच्या गाडीत कुणी साधं ठेचाळलंही नाही, वन्सं.

हे डेपोत कळलं तर नोकरी जाईल. तुम्हाला सांगतेय, कारण तुमच्या नियमाने काय केलं ते तुम्हाला कळायला हवं. झोपाळलेला माणूस स्टिअरिंगवर नको, म्हणून नियम केलात ना? मग बघा आता. औषध घेऊन शांत झोपणारा माणूस गोदामात बसवला होतात, आणि तोच माणूस औषध सोडून रात्रभर जागला तेव्हा त्याच्या हातात बस दिलीत, कारण त्याची लाळ साफ होती.

मी रागाने बोलतेय. पण खोटं बोलत नाही.

वहिनी


९ एप्रिल

वन्सं, आणि हे पत्र वाचणारे इतर सर्व सन्माननीय,

नमस्कार. आता मला ठाऊक झालंय की पाकिटावर नाव तुमचं असलं तरी वाचणारे वेगळे आहेत. म्हणून हातपाय धुऊन, नीट अक्षरात लिहायला बसलेय.

गेल्या आठवड्यात खात्याचं एक पत्र आलं. 'आपली दोन निवेदने प्राप्त झाली असून ती फेरतपासणीच्या कागदपत्रांत समाविष्ट करण्यात आली आहेत. सदर कागदपत्रे नागरिकांना वाचनासाठी खुली आहेत.' मी म्हटलं, निवेदनं? मी तर कुणाला निवेदनबिवेदन दिलेलं नाही. नणंदेला दोन पत्रं टाकली होती, बस.

आणि मग डोक्यात प्रकाश पडला, तशी तोंडचं पाणीच पळालं.

खात्याच्या इथल्या कचेरीत वाचनाची खोली आहे. दोन लांब टेबलं, करकरणारा पंखा, आणि फायली सांभाळणारे एक गृहस्थ, चष्मा कपाळावर ठेवून चष्माच शोधणारे. त्यांनी जाडजूड बाड माझ्यापुढे ठेवलं. डॉक्टरांच्या संघटनेचं निवेदन, वाहतूक कंपन्यांचं निवेदन, औषध बनवणाऱ्यांचं, आणि त्यांच्या मधोमध माझं अक्षर. वर शिक्का, क्रमांक. नावं आणि पत्ते काळ्या पट्टीने झाकलेले. पण घोरणं तसंच. भाजी चिरण्याचं सोंग तसंच. गांजेकस म्हणणाऱ्या काकू तशाच, आणि आमच्या इमारतीत समोरची खिडकी कुणाची हे शेंबड्या पोरालाही कळतं. त्याही बाड वाचून आल्या आणि कालच घरी येऊन गेल्या. म्हणाल्या, मी असं कधी म्हटलं? मग म्हणाल्या, म्हटलं असेन, पण सरकारला कशाला सांगायचं? मग बराच वेळ बसल्या आणि जाताना दादाच्या पायाला लावायला मलम ठेवून गेल्या. अर्धंच वापरलेलं आहे, पण मनापासून दिलं.

आणि सिग्नलचं पान? तेही तिथेच. कुणीही यावं आणि वाचावं.

त्या खोलीत मी तुम्हाला काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही, कागद सरकारी आहे. त्या गृहस्थांपुढे मी बोटं मोडली. म्हटलं, सख्ख्या भावाची अब्रू चव्हाट्यावर मांडली हो या बाईने. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, चष्मा सापडल्यावर डोळ्यांवर घेतला आणि बाडाचं पहिलं पान उघडून माझ्यापुढे सरकवलं.

त्या पानावर तुमची सही होती. आमच्या टेबलावर वहीची पानंच्या पानं भरून तुम्ही ठरवलेली, शेवटी लांब शेपटी काढणारी. वर लिहिलेलं, माझा सख्खा भाऊ प्रवासी वाहन चालवतो आणि त्याला हे औषध सुरू झाले आहे. म्हणून या नियमाच्या फेरतपासणीत माझा कोणताही सहभाग असू नये. या काळात भावाशी किंवा त्याच्या घरच्यांशी मी संपर्क ठेवणार नाही. त्यांच्याकडून काही कागद आल्यास तो न वाचता फायलीत द्यावा लागेल, याची मला जाणीव आहे.

तारीख बघितली. दादाने तुम्हाला फोन केला, त्याच्या आदल्या दिवसाची.

गृहस्थ म्हणाले, बाईंनी दोन्ही पाकिटं फोडलीसुद्धा नाहीत. शिक्का मारणाऱ्यासमोर तशीच्या तशी दिली. नोंदीत लिहिलंय, 'पाकीट बंद'. मी विचारलं, पण अक्षर ओळखलं असेल ना तिने? ते म्हणाले, ओळखलं म्हणून तर फोडलं नाही.

आणखी एक गोष्ट त्यांनी दाखवली. मूळ नियमाच्या अगदी शेवटी एक कलम आहे. ठरावीक मुदतीनंतर हा नियम लोकांसमोर पुन्हा तपासला जाईल, ज्यांच्यावर तो लागू झाला त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं जाईल, आणि तो चुकीचा ठरल्यास बदलला जाईल. हे कलम कुणालाच नको होतं म्हणे. नियम करायचा आणि वर तो चुकू शकतो असंही लिहायचं, हे वरिष्ठांना पटेना. बाई अडून बसल्या. तेव्हा माणूस गुंगीत आहे की नाही हे मोजायचं भरवशाचं साधन हाताशी नव्हतं, म्हणून लाळेवर भागवलं. पण हे अपुरं आहे असं त्यांनी नियमातच लिहून ठेवलं. तुमच्या दादाचा अपघात व्हायच्याही आधी.

म्हणजे मी भांडत होते त्या नियमाला उसवायची जागा शिवणाऱ्या बाईनेच आतून ठेवली होती. शिवणाऱ्यांना हे कळतं. वाढत्या अंगाच्या पोराचा कपडा शिवताना आम्ही आत थोडं कापड राखतो. मी त्या करकरणाऱ्या पंख्याखाली बसून रडले. गृहस्थांनी पाणी आणून दिलं आणि तोंड दुसरीकडे वळवलं.

निघताना त्यांनी हळूच सांगितलं, निवेदन देणाऱ्याला सुनावणीच्या आधी ते मागे घेता येतं. एक अर्ज द्यायचा, पानं बाडातून निघतात. मी अर्जाचा कोरा कागद घेऊन घरी आले. दोन्ही पत्रांच्या नकला आणि तो कागद तुमच्या दादापुढे ठेवला आणि सांगितलं, मी तुझी नोकरी धोक्यात घातली आहे, आता तू म्हणशील तसं.

त्याने सगळं वाचलं. खुर्चीचं वाचताना कान लाल झाले. सिग्नलचं पान दोनदा वाचलं. मग तुमच्या सहीच्या पानाची नक्कल हातात घेऊन बसला, आणि मी म्हटलं सही कर ना अर्जावर, तर म्हणाला, "तिला पाकीट फोडून हे पान काढून टाकता आलं असतं. कुणाला कळलं नसतं. तिने काढलं नाही, मग मी कसं काढू?"

अर्ज मी कपाटात ठेवला आहे. पानं आहेत तिथेच राहतील. फेरतपासणी समितीच्या सन्माननीय सभासदांनो, लिहिलेलं सगळं खरं आहे, आणि तो माणूस स्वतः येऊन सांगणार आहे. तुम्ही त्याला शिक्षा करा, पण त्याचं ऐकून घ्या.

आणि वन्सं, हे पत्रही तुम्ही न फोडता पुढे द्याल. द्याच. तसं केलं नाहीत तर माझ्याशी गाठ आहे.

वहिनी


१७ मे

वन्सं,

हे पत्र मी टाकणार नाही. निकाल लागेपर्यंत ते शिलाईच्या डब्यात, बटणांच्या खाली राहील. पण आज लिहिलं नाही तर विसरेन, आणि यातलं काहीच मला विसरायचं नाही.

काल सुनावणी झाली. आम्ही सकाळी तुमच्या इमारतीत पोचलो. दादाने गणवेश घातला नाही. म्हणाला, आता तो माझा आहे की नाही ते ठरायचंय. दुसऱ्या मजल्याच्या व्हरांड्यात आम्ही खोली शोधत होतो आणि समोरून तुम्ही आलात, हातात फायलींचा गठ्ठा. तुम्ही आम्हाला बघितलंत. आम्ही तुम्हाला. तुम्ही भिंतीला पाठ लावून बाजूला झालात, आम्हाला वाट दिलीत, आणि नजर समोरच्या दारावर ठेवलीत. दादाही सरळ पुढे गेला. माझा हात मात्र तुमच्या बाहीला लागला. मुद्दाम लावला. उसवलीय ती खांद्यात, शिवून घ्या.

खोलीत शिरताना तो एवढंच म्हणाला, बारीक झालीय.

समितीच्या अध्यक्षबाई पिकल्या केसांच्या, बारीक आवाजाच्या. आधी मोठमोठ्या लोकांची बोलणी झाली. मग अध्यक्षबाईंनी माझं सिग्नलचं पान काढलं आणि सगळं वाचलं, एकही शब्द न गाळता. वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, ते चालक तुम्हीच का? दादा उभा राहिला. म्हणाला, हो, मीच. पोट बिघडल्याचं खोटं सांगितलं तेही मीच. डेपोचे साहेब मागच्या रांगेत बसले होते, त्यांच्याकडे वळून त्याने हात जोडले. कंडक्टरबाईंची चूक नाही, मी त्यांना गप्प राहायला सांगितलं होतं, असंही म्हणाला.

मग प्रवाशांच्या बाजूने बोलणारे एक वकील उठले. त्यांनी गोड आवाजात विचारलं, हे औषध इतकं चांगलं आहे, तर ते घेतल्यावर तुम्ही लगेच बस चालवाल का?

वन्सं, त्या क्षणी मी मनातल्या मनात ओरडत होते, हो म्हण. सगळा खेळ त्या एका उत्तरावर होता. आमच्या बाजूचे डॉक्टरसुद्धा त्याच्याकडे टक लावून बघत होते.

दादा म्हणाला, नाही. ते घेतल्यावर मी कपबशीसुद्धा उचलत नाही, ही उचलते. तेव्हा माझ्या हातात बस दिलीत तर तुम्ही चुकाल. रात्री घेणाऱ्याने रात्री झोपावं. दुपारी घेणाऱ्या माणसाला गाडी देऊच नका.

वकील खूश. आमचे डॉक्टर खाली बघायला लागले. मी म्हटलं, संपलं, याने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला, तोही दुखऱ्या पायावर. अध्यक्षबाईंनी लेखणी खाली ठेवली आणि विचारलं, मग सकाळी तुम्ही ठीक आहात हे आम्ही कशावरून मानायचं? तुम्ही म्हणता म्हणून?

तेव्हा तो जे बोलला ते जसंच्या तसं लिहिते.

"माझ्या सांगण्यावर जाऊ नका, बाई. सिग्नलला डोळा लागला त्या सकाळीही मी ठीक आहे असंच सांगितलं होतं, आणि माझी लाळ साफ होती. तुम्ही लाळ तपासलीत, मला नाही तपासलंत. रोज सकाळी गाडी देण्याआधी मला तपासा. डोळे बघा, हात बघा, पाय वेळेवर ब्रेकवर जातो का बघा. नाही गेला तर घरी पाठवा. मी काहीही घेतलेलं असो नाहीतर नसो."

एवढ्या मोठमोठ्या निवेदनांत कुणी सरळ हे म्हटलं नव्हतं. अध्यक्षबाईंनी लेखणी पुन्हा उचलली आणि बराच वेळ लिहीत राहिल्या. आणि मग हसून म्हणाल्या, स्वयंपाकघरातला तो ब्रेक वेळेवर लागतो ना? सगळे हसले. दादाचे कान लाल.

या माणसाशी मी इतकी वर्षं संसार केला, त्याच्या मोज्यांवरून भांडले, घोरण्यावरून भांडले. काल पहिल्यांदा त्याच्याकडे परक्या माणसासारखं बघितलं, आणि ऊर भरून आला. असं वाटलं की कुणालातरी हाक मारून सांगावं, हा माझा नवरा आहे. जिला सांगावं ती एक मजला वर बसली होती, आणि तिला सांगायची बंदी होती.

वहिनी


२ ऑगस्ट

लाडके बारके,

आता 'तू'च. अहो-जाहोचा मलाच कंटाळा आला होता.

तुझं पत्र काल मिळालं. त्यावर घरचा पत्ता बघितला आणि आधी तो वहीत उतरवून घेतला, मग पाकीट फोडलं. दादाला वाचून दाखवायला सांगितलं तर पहिल्या ओळीनंतर त्याने ते माझ्या हातात दिलं, म्हणून मीच मोठ्याने वाचलं.

निकाल तुला माहीतच असणार, आता तो तुझ्याच टेबलावर येईल. तरी आमच्या बाजूने सांगते. औषध लिहून दिलेलं असेल, ते फक्त रात्री घेतलेलं असेल, आणि मध्ये पुरेसे तास गेलेले असतील, तर नुसत्या लाळेवरून कुणाची गाडी काढायची नाही. त्याऐवजी रोज सकाळी डेपोत तपासणी. पडद्यावर दिवे लागतात, वेळेवर पेडल दाबायचं, डोळे बघतात, सरळ चालायला लावतात. आणि ही तपासणी झोप आणणारं कुठलंही औषध घेणाऱ्या प्रत्येकाला, गोळ्यावाल्यांनाही. सर्दीच्या औषधाने डुलणारे दोघं पहिल्याच दिवशी घरी गेले. ते तुझ्या दादाच्या नावाने बोटं मोडतात. मोडू देत.

शिक्षाही झाली. न झोपता गाडी चालवली आणि लपवलं, म्हणून काही काळ बिनपगारी घरी बसवलं आणि नोंदीत शेरा मारला. त्याने वाद घातला नाही. साहेबांना म्हणाला, बरोबर आहे. कंडक्टरबाईंनाही ताकीद मिळाली. त्या घरी येऊन त्याला चांगल्या ताडताड बोलल्या, चहा प्यायल्या, आणि नंतर त्याच्याच गाडीवर नेमणूक मागून घेतली. म्हणाल्या, आता याला डोळ्यात तेल घालून मीच बघते. घरी बसला होता तेव्हा तो माझ्या शिलाईच्या कपड्यांना बटणं लावायचा. एकसुद्धा धड नाही लागलं.

सोमवारपासून तो पुन्हा बसवर आहे. रात्री औषध घेतो, घोरतो, मी बाहेरच्या खोलीत झोपते. खिडकीशी खुर्ची आहे अजून, पण रिकामी. खालून जाणारी बस आता त्याचीच असते कधीकधी, तेव्हा खुर्चीत मी बसते. वळणावर ब्रेक अगदी वेळेवर लागतो.

आता तुझ्या पत्राबद्दल. तू लिहितेस, 'वहिनी, फाइल बंद झाली, आता मी ती पत्रं वाचू शकते. पण वाचनाच्या खोलीत बसून शिक्क्याखालचं तुझं अक्षर वाचवत नाही. काय लिहिलं होतंस ते तूच सांग.'

अगं वेडे. माझी ती पत्रं अध्यक्षबाईंनी वाचली, डॉक्टरांनी वाचली, वकिलांनी वाचली, समोरच्या काकूंनी तर दोनदा वाचली. अख्ख्या गावाने वाचली. जिला लिहिली होती तिने तेवढी वाचली नाहीत. त्या बंद पाकिटांवरचं माझं अक्षर बघून तुला काय झालं असेल, याचा विचार मी रोज करते. तू माझ्या हाताखाली वाढलीस हे मी आजवर लोकांना मोठेपणाने सांगायचे. आता सांगताना जरा घाबरते, कारण इतकं सरळ वागायला मी तुला शिकवलेलं नाही. ते तुझं तूच शिकलीस.

तर पत्रात काय होतं ते मी लिहिणार नाही. इथे ये, सगळं तोंडाने सांगते, शिव्यांसकट. खांद्यात उसवलेला तो कपडा घेऊन ये, मी शिवून देते, आत थोडं कापड राखून. बटणांच्या डब्यात एक न टाकलेलं पत्र आहे, तेही तुझंच. ते मात्र तू स्वतः फोडायचं. मी त्याला मुद्दाम पाकीट घालून, डिंक लावून ठेवलंय.

येत्या शनिवारी दुपारची गाडी पकड. स्टेशनाबाहेरून आमच्या बाजूला येणारी बस तुझा दादाच चालवतो. तिकीट काढ, कंडक्टरबाई ओळखदेख काही मानत नाहीत. आणि एक सांगते, फुकट धावपळ नको व्हायला. तू दिसलीस तर त्याच्या डोळ्यांत पाणी येईल, पण थांबा सोडून तो तुझ्यासाठीसुद्धा गाडी थांबवणार नाही. तेव्हा थांब्यावरच उभी राहा.

तुझीच,
वहिनी